ताटातला धोका मोजायचा कसा?

माणूस काय खातो आणि पुढे त्याला कोणता आजार होतो, याचा शोध घेणाऱ्या बहुतेक अभ्यासांची सुरुवात एका प्रश्नावलीने होते. चंदीगडच्या पीजीआयमध्ये, म्हणजे 1962 साली सुरू झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतही अशीच एक प्रश्नावली वापरली गेली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 2003 पासून ‘प्युअर’ नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालू झाला. भारतात त्याची पाच केंद्रे होती: बंगळूर, चेन्नई, तिरुवनंतपुरम, जयपूर आणि चंदीगड. या केंद्रांचे कार्यकर्ते शहरांत आणि खेड्यांत घरोघरी गेले. त्यांनी वजन-उंची, रक्तदाब, तंबाखू, शिक्षण यांची नोंद केली आणि शेवटी विचारले: गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय खाल्लेत, किती वेळा आणि किती?

प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर भारतातल्या एखाद्या घरात बसून तो विचारला म्हणजे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. मक्याची रोटी आणि सरसोंचे साग हिवाळ्यात रोज असते, जूनमध्ये त्याचे नावही निघत नाही. मग वर्षाची सरासरी काय सांगायची? फुलक्यावर तूप किती लावले, हे लावणाऱ्या बाईला ठाऊक असते, खाणाऱ्या पुरुषाला नाही. वाटी कोणती, तीही घरागणिक निराळी. लस्सीचा पेला पावशेराचा की अर्ध्या लिटरचा? लग्नसराईत, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, ढाब्यावर खाल्लेले कोण मोजणार?

महाराष्ट्रातही हीच अडचण येते, फक्त पदार्थ बदलतात. फोडणीला तेल किती घालता, या प्रश्नाला ‘पळीभर’ किंवा ‘अंदाजाने’ हेच खरे उत्तर असते. म्हणून सर्वेक्षण करणारे उलट्या बाजूने हिशेब मांडतात. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर तेलाचे वजन लिटरला सुमारे 920 ग्रॅम धरून माणशी रोजचे 23 ग्रॅम येतात. पण त्या तीन लिटरांत दिवाळीच्या चकल्या आहेत, पाहुणे आहेत, तळून उरलेले आणि टाकून दिलेले तेल आहे. शिवाय चौघांपैकी एक जण सहा वर्षांचा असला, तर त्याच्याही वाट्याला 23 ग्रॅम लिहिले जातात. प्रौढ माणसे जड पदार्थ आणि एकूण खाणे कमी सांगतात, हेही शरीरात खर्च होणारी ऊर्जा प्रत्यक्ष मोजणाऱ्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ज्यांचे वजन अधिक, त्यांच्याकडून ही घट जास्त होते. म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, एका बाजूला कलते. सारखी पसरलेली चूक बहुधा खरा संबंध फिका करते. कललेली चूक नसलेला संबंध उभा करू शकते.

पीजीआयच्या संशोधकांना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. उत्तर भारतातल्या एका शहरी आणि एका ग्रामीण भागात ही प्रश्नावली कितपत विश्वासार्ह ठरते, हे त्यांनी स्वतंत्रपणे तपासले आणि 2013 साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त ते प्रसिद्ध केले. अशा तपासणीत तीच प्रश्नावली त्याच माणसांना काही काळाने पुन्हा विचारतात आणि तिची उत्तरे ‘काल दिवसभरात काय खाल्ले’ या नोंदींशी ताडून पाहतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी कधी होत नाही, आणि तरीही आहारविज्ञानाचा पाया तेच आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. दोन्ही मापे माणसाच्या आठवणीवरच उभी असतात. एकच विसर दोन्हीकडे पडला, तर आकडे एकमेकांशी जुळतात, पण सत्याशी जुळतातच असे नाही.

या पायावर जी इमारत उभी राहिली, तिची बातमी मात्र जगभर झाली. ऑगस्ट 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्युअरचा आहारविषयक निबंध आला. त्यात 18 देशांतील 1,35,335 माणसे होती, वय 35 ते 70, आणि साधारण 7.4 वर्षांचा पाठपुरावा. लेखकांमध्ये पीजीआयचे डॉ. राजेश कुमार, चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन, जयपूरचे डॉ. राजीव गुप्ता होते. निष्कर्ष असा की ज्यांच्या आहारात पिष्टमय पदार्थांचा वाटा सर्वांत जास्त, त्यांच्यात मृत्यूचा धोका सर्वांत कमी वाटा असणाऱ्यांपेक्षा 28 टक्के अधिक. आणि ज्यांच्या आहारात मेद सर्वांत जास्त, त्यांच्यात तो 23 टक्के कमी. लोणी-तुपातल्या संपृक्त मेदाचाही हृदयविकाराशी वाईट संबंध दिसला नाही. ‘तूप खा, भात सोडा’ असा त्याचा अर्थ लगेच लावला गेला. पुढच्याच वर्षी, 2018 च्या सुमारास, महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा दोन आहारपद्धतींचा वाद घराघरांत रंगला. त्या वादाचा प्युअरशी थेट संबंध नव्हता, पण खाण्याविषयीचा एखादा ठाम सल्ला हवा, ही भूक तीच होती.

आता त्या 28 टक्क्यांकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. पाठपुराव्याच्या काळात 5,796 माणसे दगावली, म्हणजे हजारी सुमारे 43. ढोबळ हिशेबासाठी हाच आकडा पाया धरला, तर 28 टक्के वाढ म्हणजे हजारी 43 ऐवजी 55. सात वर्षांहून अधिक काळात हजार माणसांमागे बारा जास्त मृत्यू. हा फरक क्षुल्लक नाही. पण ‘28 टक्के’ वाचून जी धडकी भरते आणि ‘हजारात बारा’ ऐकून जे समजते, त्यांत मोठे अंतर आहे. वर्तमानपत्रांत बहुधा पहिलाच आकडा छापून येतो. दुसरा दिला नसेल, तर बातमी अर्धीच आहे असे समजावे.

त्याहून मोठा प्रश्न पुढे आहे. सर्वाधिक पिष्ट खाणाऱ्या गटाची 77 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येत होती. असा आहार कोण घेते? ज्याच्या ताटात डाळ पातळ असते, दूध चहापुरते असते, भाजी बाजाराच्या दिवशी असते आणि पोट भरते ते रेशनच्या तांदूळ-गव्हावर. त्याचे घर दवाखान्यापासून लांब असते, चूल धुराची असते, पाणी दूषित असू शकते, छातीत दुखले तर तो वेळेत रुग्णालयात पोचत नाही. मग तो लवकर मेला, तो भातामुळे की गरिबीमुळे? संशोधकांनी शिक्षण, धूम्रपान, शहर-खेडे अशा गोष्टींचा हिशेब वजा केला होता. पण शिक्षणाची इयत्ता लिहून घेतली म्हणजे गरिबी मोजली गेली, असे होत नाही. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील अभ्यासकांसह अनेकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. आहाराची नोंद सुरुवातीला एकदाच घेतली होती, सात वर्षांत ताट बदलले असेल तर ते नोंदीत नाही, हा दुसरा आक्षेप. पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि ज्वारी-बाजरी-डाळी या सगळ्यांना ‘पिष्ट’ या एकाच पोत्यात भरले, हा तिसरा. गरिबीचा आक्षेप या तिन्हींत सर्वांत भारी आहे आणि निदान भारतीय वाचकाने तरी तो दृष्टीआड करू नये.

पंजाबच्या तुपाने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी 1967 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रेल्वेकडे साऱ्या देशाच्या माणसांच्या नोंदी होत्या. एकच नोकरी, सारखीच वैद्यकीय सोय, आणि आहार मात्र प्रांताप्रांताचा. त्यांना आढळले की दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आहेत. आणि मेद, तोही मुख्यतः दुधातुपाचा, उत्तरेकडचे लोक कितीतरी पटींनी अधिक खातात. मेदाला हृदयविकाराचे मूळ मानण्याच्या त्या काळात हे उलटेच होते. मल्होत्रांनी कारण मेदाच्या प्रकारात आणि खाण्याच्या पद्धतीत शोधले.

तुपाचे समर्थक आजही हा अभ्यास पुढे करतात. पण तो पन्नास-साठच्या दशकांतील मृत्यूच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्या काळी गावोगावच्या नोंदीत ‘हृदयविकार’ हे कारण लिहिले जाणे किंवा न जाणे हे तिथल्या डॉक्टरवर आणि उपकरणांवर फार अवलंबून होते. 2018 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये भारतातील राज्यवार हृदयविकाराचा आढावा आला, त्यात केरळ आणि तामिळनाडूबरोबर पंजाबही अधिक हृदयविकार असलेल्या राज्यांत होता. सातपटीचा तो फरक साठ वर्षांत कुठे गेला? लोकांचे खाणे बदलले, श्रम कमी झाले, आयुष्य वाढले, निदान सुधारले. यांपैकी कशाचा वाटा किती, हे मल्होत्रांच्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

चंदीगड आणि महाराष्ट्र एकाच तक्त्यात शेजारी शेजारी येण्याचा एक प्रसंग 2011 मध्ये आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेह सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड घेतले होते. मधुमेहाचे प्रमाण महाराष्ट्रात 8.4 टक्के, चंदीगडमध्ये 13.6 टक्के निघाले. पराठे, लोणी आणि लस्सीकडे बोट दाखवण्याचा मोह इथे सहज होतो. पण 2011 च्या जनगणनेत चंदीगडची 97 टक्के लोकसंख्या शहरी होती आणि महाराष्ट्राची 45 टक्के. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला नंदुरबार-गडचिरोलीसह अख्खे राज्य. ही तुलना ताटांची नव्हेच.

अशा सर्वेक्षणात आणखी एक सापळा असतो. समजा, चंदीगडच्या एखाद्या वसाहतीत चहात साखर किती घेता असे विचारले आणि मधुमेही माणसे इतरांपेक्षा कमी साखर घेतात असे दिसले. मग साखर कमी केल्याने मधुमेह होतो का? अर्थातच नाही. डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्यांनी साखर सोडली. आजार आधी आणि आहारातला बदल नंतर, पण एका दिवशी घेतलेल्या नोंदीत हा क्रम दिसत नाही. याच सर्वेक्षणातून 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आहाराचे आकडे आले: भारतीय प्रौढांची सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, आणि त्यातला बराच वाटा पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचा. ‘काय खाल्ले जाते’ याचे चित्र म्हणून हा आकडा मोलाचा आहे. ‘त्यामुळे काय होते’ याचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. संशोधकांना हे माहीत असते आणि निबंधाच्या शेवटी ते लिहिलेलेही असते. बातमीत ते वाक्य गळते.

निरीक्षणातून निघालेले संबंध किती स्वस्त असू शकतात, हे 2013 साली अमेरिकेत जोनाथन शोनफेल्ड आणि जॉन आयोनिडिस यांनी दाखवले. त्यांनी पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकातून 50 पदार्थ सहज उचलले आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध कोणी तपासला आहे का, ते शोधले. 40 पदार्थांवर अभ्यास सापडले, आणि बहुसंख्य निबंधांनी तो पदार्थ कर्करोग वाढवतो किंवा कमी करतो, असे म्हटले होते. पुराव्याचे बळ मात्र बहुतेक ठिकाणी तोकडे होते. स्वयंपाकघरातला जवळजवळ प्रत्येक डबा एक तर विष किंवा औषध, हे खरे असण्याची शक्यता किती?

यावर उपाय म्हणजे चाचणी. तीत माणसे स्वतः आहार निवडत नाहीत. जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले जातात, त्यामुळे गरिबी, शिक्षण, व्यायाम हे सारे दोन्ही गटांत सारखे वाटले जाते. या कसोटीवर मोठमोठ्या समजुती कोसळल्या आहेत. गाजर-पालकाने समृद्ध आहार घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीत काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त झाला होता. गाजर खाणारी माणसे इतरही अनेक बाबतींत वेगळी होती, आणि गोळी म्हणजे गाजर नव्हे.

पण चाचणी म्हटली की ती निर्दोष, असेही नाही. मुरादाबादमध्ये हजार रुग्णांवर केलेली ‘इंडो-मेडिटरेनियन’ आहाराची चाचणी 2002 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली आणि जगभर उद्धृत झाली. 2005 मध्ये त्याच नियतकालिकाने तिच्या विश्वासार्हतेविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ ही सुमारे साडेसात हजार माणसांची चाचणी, ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्याच्या बाजूचा सर्वांत गाजलेला पुरावा. 2018 मध्ये तिचा मूळ निबंध मागे घेऊन दुरुस्त रूपात पुन्हा छापावा लागला, कारण काही ठिकाणी एकाच घरातील सर्वांना आणि एका केंद्रावर अख्ख्या दवाखान्यांना एकच आहार दिला गेला होता. आकडे फारसे हलले नाहीत, पण दाव्याची भाषा मवाळ झाली.

या साऱ्यावरून ‘हे शास्त्रज्ञ रोज नवे सांगतात, आपण हवे ते खावे’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे, आणि घातकही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध निरीक्षणातूनच सिद्ध झाला, कोणालाही चिठ्ठी टाकून विडी ओढायला लावली नव्हती. पण तिथे धोका 20-30 टक्क्यांनी नव्हे, दहापटीहून अधिक वाढत होता. इतके मोठे अंतर गरिबीने किंवा विसरभोळेपणाने तयार होत नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाविषयीही शंका उरलेली नाही, कारण तिथे तिन्ही धागे एकत्र आले: 1990 मध्ये हॉलंडमधील नियंत्रित प्रयोगात त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढवून चांगले कमी केले, पाठपुराव्याच्या अभ्यासांत हृदयविकार वाढलेला दिसला, आणि शरीरात ते कसे घडते हेही उलगडले. भारतात तेला-तुपातील त्याची मर्यादा जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली.

मिठाची गोष्ट असा पक्का पुरावा आणि आधीचे डळमळीत पुरावे यांच्या मध्ये बसते. प्युअरच्याच संशोधकांनी 2014 मध्ये लाखाहून अधिक माणसांच्या लघवीच्या नमुन्यांवरून म्हटले की सोडियम फार कमी असणेही धोक्याचे दिसते. टीकाकारांनी दाखवले की सकाळच्या एका नमुन्यावरून दिवसभराचे मीठ काढण्याचे सूत्रच डळमळीत आहे; दिवसभराची लघवी जमवायला हवी. शिवाय आजारी माणसे आधीच कमी खातात. हा वाद वर्षानुवर्षे चालला. मग 2021 मध्ये चीनमधील 600 खेड्यांतल्या 20,995 माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले होते. तिथे पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. हे लोक बहुतेक आधीच पक्षाघात होऊन गेलेले किंवा उच्च रक्तदाबाचे होते, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तरी एका चांगल्या चाचणीने जे दाखवले, ते कित्येक प्रश्नावल्यांना जमले नव्हते.

चंदीगडमध्येही अशी एक चाचणी झाली, आकाराने लहान पण प्रामाणिक. पीजीआयच्या संशोधकांनी शहरातील बारा वस्त्या घेतल्या आणि चिठ्ठ्यांप्रमाणे निम्म्या एका बाजूला, निम्म्या दुसऱ्या बाजूला टाकल्या. एकूण 732 प्रौढ. एका गटाला केवळ माहितीपत्रक. दुसऱ्या गटाला सहा महिने मोबाइलवर संदेश आणि घरात लावायला स्वयंपाकघराचे कॅलेंडर, जेवणाच्या टेबलावर पसरायची चटई आणि मोजायचे चमचे. निकाल 2020 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. पहिल्या गटाशी तुलना करता दुसऱ्या गटात मेद दिवसाला सुमारे साडेबारा ग्रॅमने आणि साखर साडेअकरा ग्रॅमने घटली, फळे-भाज्या सत्तर ग्रॅमने वाढल्या.

इथेही पहिली शंका तीच घ्यावी लागते: ज्याला सहा महिने ‘तेल कमी करा’ सांगितले, तो विचारल्यावर ‘कमी केले’ असेच सांगणार. पण या अभ्यासात रक्तही तपासले होते, आणि उपाशीपोटीची साखर व ट्रायग्लिसराइड दोन्ही घटलेली आढळली. रक्ताला संशोधकाची मर्जी राखायची नसते. म्हणून बोलण्यात दिसलेला बदल निदान काही अंशी ताटात खरोखर झाला होता, असे मानायला आधार आहे. या सहा महिन्यांत हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी झाले का, हे मात्र या चाचणीने मोजलेले नाही. त्यासाठी 732 नव्हे, कित्येक हजार माणसे आणि पुष्कळ वर्षे लागतात.